आमचा ठिपका गोदावरीत

जालन्याच्या मोंढ्यात बी-बियाण्याचं दुकान चालवणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची गरज नसते, असं माझं बरीच वर्षं मत होतं. दिवसभर मी कामातच असतो. काम म्हणजे गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून ‘वरच्या फळीवरचं काढ’, ‘खालच्या थप्पीतलं दे’ असं सांगायचं. पण सांगून सांगूनही संध्याकाळी अंग मोडून येतं. हे मत आमच्या डॉक्टरनं माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा दाखवून खोडून काढलं. डॉक्टर दहावीला माझ्या बाकावर होता. त्यामुळे त्याची फी लागत नाही, पण अपमान पूर्ण होतो. “चालायला लाग,” तो म्हणाला. “नाहीतर पुढच्या वेळी बोलावणारा मी नसेन.”

मी चालायला लागलो. पहाटे मोती तलावाकडे जायचो, पाण्याकडे बघायचो, कुणी ओळखीचं भेटलं तर पावसाचा अंदाज घ्यायचो आणि जिलेबीच्या वासानं दिशा बदलून घरी यायचो. थोड्याच दिवसांत हा कार्यक्रम बंद पडला. एकट्यानं चालण्यात मोठी अडचण अशी, की आपण चाललो नाही हे कुणाला कळतच नाही. बायकोला कळतं, पण तिला आपल्याविषयी इतकं काही कळलेलं असतं की त्यात ह्याची भर पडून फरक पडत नाही.

मग आमच्या वर्गातला पुण्याचा मित्र मदतीला धावला. तो कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्यांच्या कंपनीत ‘स्टेपॅथलॉन’ नावाची शर्यत झाली होती. पाचपाच जणांच्या तुकड्या, शंभर दिवस, रोजची पावलं भरायची आणि नकाशावर आपली तुकडी जगभर फिरवायची. जागचं न हलता जग, अशी ती योजना. वर त्यानं वर्गाच्या ग्रुपवर पुरावाही टाकला: २०१२ ते २०१४ ह्या काळात भाग घेतलेल्या सुमारे ६९ हजार लोकांचा अभ्यास झाला, रोजची पावलं सरासरी साडेतीन हजारांनी वाढली आणि वजन सरासरी दीड किलोच्या आसपास उतरलं. शंभर दिवस चालून दीड किलो! आमच्या हिशेबात कपाशीच्या बियाण्याची तीन पाकिटं. तेवढं वजन मी गिऱ्हाइकाला एका हातानं देतो. पण ग्रुपवर असं बोललं की अंगठे येत नाहीत, म्हणून गप्प बसलो.

ज्येष्ठ चालू होता. पुण्याच्या मित्राला आठवलं, की २०२० साली करोनामुळे पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पादुका बसनं जाऊ शकतात, तर आपण मोबाइलवरून का नाही? ह्या तर्कातून आमची ‘जालना ते पंढरपूर’ वारी निघाली. अंबड, वडीगोद्री, शहागड, गेवराई, बीड, बार्शी, कुर्डुवाडी करत तीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ चार लाख पावलं. आषाढीपर्यंत पोहोचायचं. पाच जणांची एक दिंडी. ज्यानं त्यानं आपल्या पावलांनी ठिपका पुढे सरकवायचा आणि रोज रात्री यादी लागायची: वर सगळ्यांत जास्त चाललेला, तळाला सगळ्यांत आळशी.

त्या यादीनं मला चालतं केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. साखरेला मी भ्यालो नव्हतो. शाळेत गणितात माझी वही उतरवणारा माणूस यादीत माझ्या वर आहे, हे मात्र सहन होईना. रात्री साडेअकराला कळायचं की तो दोनशे पावलांनी पुढे आहे. मग मी दिवाणखाना ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालायचो. खालच्या मजल्यावरचे काका एकदा काळजीनं वर आले. कुणाला दवाखान्यात न्यायचंय का, विचारू लागले. ज्या दिवशी नळ येईल त्या दिवशी बायको बादल्या माझ्याकडे द्यायची. “घ्या, पावलं पडतील तुमची.” त्या दिवशी मी यादीत हमखास वर असायचो. आमचा न्यू जर्सीतला गडी मात्र आवरत नव्हता. आम्ही झोपलो की त्याचा दिवस सुरू. निजताना मी त्याच्या पुढे, उठताना मागे. झोपेत हरण्याचं दुःख वेगळंच असतं.

अंबड आलं. नकाशावर मत्स्योदरी देवीची टेकडी दिसली. कुणीतरी देवीचा फोटो टाकला, सगळ्यांनी हात जोडले, आणि मी खुर्चीत बसूनच टेकडी उतरलो. वडीगोद्री गेली. शहागडला गोदावरीच्या पुलावर पाऊल ठेवलं आणि मृगाचा पाऊस आला.

पाऊस पडला की जालन्याचा मोंढा काय होतो, ते बघितल्याशिवाय कळायचं नाही. कपाशी, सोयाबीन, तूर, खत, औषध, उधारी, सगळं एकदम. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आणि गर्दी वाढली की मालकानं गल्ला सोडायचा नसतो. आठवडाभर मी खुर्चीतून हललो नाही. नकाशावरचा माझा ठिपका बरोबर गोदावरीच्या मधोमध थांबला.

ग्रुपवर सुकाळ झाला. “पोहायलास का?” “अबे, जायकवाडीचे दरवाजे उघडायच्या आत बाहेर नीघ.” माझ्याच दिंडीतल्या मुख्याध्यापकानं लिहिलं, ‘आमच्या एका वारकऱ्यानं जलसमाधी घेतली असून दिंडी शोकाकुल आहे.’ पाच जणांच्या तुकडीतली खरी मेख इथं असते. आपण बसलो की बाकीच्या चौघांची सरासरी बसते, आणि मग ते चौघं आपल्याला बसू देत नाहीत.

आधी मी शास्त्राचा आधार घेऊन बघितला. दहा हजार पावलांचा आकडा कुण्या ऋषीनं सांगितलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, एका जपानी कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घालून टाकले. आकडा आधी विकला गेला, अभ्यास मागाहून झाले. पाकिटावरचे आकडे वाचण्यात आणि वाचून दाखवण्यात माझी हयात गेलेली असल्यानं मला त्या जपान्याविषयी आदरच वाटला. पुढे २०१९ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही. मी तो ग्रुपवर टाकून मागणी केली, की आपलं लक्ष्यही त्या प्रमाणात कमी करावं.

डॉक्टरचं उत्तर मिनिटात आलं. “त्यातल्या बायका सरासरी बहात्तर वर्षांच्या होत्या. तुला त्यांच्यात घ्यायचं का?”

शास्त्र संपलं. मग तंत्र. फोन हातात धरून हलवला, पावलं पडली, पण गिऱ्हाईक म्हणालं, “मालक, बरं नाही का?” फोन टेबल फॅनच्या मानेला बांधला, फॅनची मान अखडली, पावलं पडली नाहीत. अशा हताश अवस्थेत माझी नजर हमालमामांवर गेली. मामा गोदामातून टेम्पोकडे आणि टेम्पोकडून गोदामाकडे, पाठीवर पोतं घेऊन, सकाळपासून चाललेले. वय माझ्याहून जास्त, पोट माझ्याहून पुष्कळ कमी. “मामा,” मी म्हटलं, “हा फोन जरा खिशात ठेवता का? चार्जिंगला जागा नाही.” मामांनी एकदा फोनकडे आणि एकदा रिकाम्या सॉकेटकडे बघितलं, आणि फोन खिशात टाकला.

संध्याकाळी मी गोदावरीतून बाहेर आलो होतो. दुसऱ्या दिवशी गेवराई. मग बीड. मामांच्या पायांना काय अंतर! ग्रुप थक्क झाला. मुख्याध्यापकानं शोकसंदेश मागे घेतला. डॉक्टरनं चक्क लिहिलं, ‘अभिमान वाटतो.’ एक अडचण मात्र होती. फोन खिशात असला की वाजतो, आणि मामा तो उचलत. कंपनीच्या साहेबाला त्यांनी सांगितलं, “मालक बसलेत, मी चालायलोय.” बायकोचा फोन आला तेव्हा मामा म्हणाले, “वहिनी, मालक खुर्चीत हायत. फोन तेवढा चालायला पाठवलाय.” त्या रात्री तिनं नळाचा दिवस नसतानाही बादल्या भरायला लावल्या.

आषाढीला मी पंढरपुरात दाखल झालो, सगळ्यांत पहिला. मुख्याध्यापक मागे राहिला. पुढे शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूर करून परतीच्या वाटेवर जालन्यात आली, खरे वारकरी खऱ्या पायांनी माझ्या दुकानावरून गेले, तेव्हाही आमचा मुख्याध्यापक कुर्डुवाडीतच होता. मी पालखीला हात जोडले आणि त्याला फोटो पाठवला.

इथं थांबायला हवं होतं. पण विजेत्याचा सत्कार करायची टूम निघाली. अंगारकी जवळ आली होती, आणि अंगारकीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. पंचवीसेक किलोमीटर. गणपतीच्या साडेतीन पीठांत राजूरची गणना होते. ग्रुपनं ठरवलं, सगळ्यांनी खरंखुरं चालायचं आणि पुढे मी. पुण्याहून मित्र आला. न्यू जर्सीवाल्याला बघता यावं म्हणून मी माझं लाइव्ह लोकेशन सुरू केलं. ही सूचनाही माझीच.

रात्री भोकरदन नाक्यावरून निघालो. पहिले काही किलोमीटर मी खरोखर पुढे होतो. रस्त्यानं जागोजागी चहा, केळी, साबुदाण्याची खिचडी वाटणारे उभे असतात, आणि प्रसाद नाकारू नये अशी आमच्या घराची शिकवण आहे. प्रत्येक मांडवाशी मी शिकवण पाळली. पुढचे लोक पुढे गेले, मागचेही पुढे गेले. उरलो मी, टाचेवरचा फोड आणि खिचडी. तेवढ्यात दुधाचा एक टेम्पो हळू झाला. “कुठं, राजूर का? बसा मागं.”

मी कॅनच्या मध्ये बसलो. गार वारा लागला, डोळा लागला. फोन खिशात थरथरत होता. मला वाटलं टेम्पो हलतोय. जागा झालो तेव्हा ग्रुप भरून वाहत होता. न्यू जर्सीहून पहिला संदेश: “वेग बघा रे ह्याचा!” मग पुण्याचा: “अबे, गणपतीनं उंदीर पाठवला का तुला?” मग डॉक्टर: “ताशी बेचाळीस किलोमीटर. उतरल्या उतरल्या नाडी दाखव.”

देवळाच्या रांगेत ते सगळे मला घेरून उभे होते आणि मी फोड दाखवून सहानुभूती मिळवत होतो. फोड खरा होता, त्यामुळे ती मिळतही होती. एवढ्यात रांगेच्या पुढच्या वळणावरून हाक आली. हमालमामा. अनवाणी, कपाळाला शेंदूर, चेहरा ताजा. दर अंगारकीला ते पायी येतात, हे इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

“मालक,” मामा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आज फोन दिला नाहीत माझ्याजवळ? फुकट गेली की एवढी पावलं!”

डॉक्टरनं मामांना बाजूला नेलं. परत आला तेव्हा त्याच्याकडे शहागडपासून पंढरपूरपर्यंतचा तपशील होता.

आता ग्रुपनं नवी मोहीम काढली आहे: जालना ते नागपूर, समृद्धी महामार्गानं. त्या रस्त्यावर पायी चालायला मनाई असल्यानं हे काम केवळ आमच्यासारखेच लोक करू शकतात. मामांना नातवाचा जुना फोन मिळालाय, आणि प्रत्येक दिंडीला मामा हवे आहेत. पुण्याच्या मित्रानं वर्षभराचा रिचार्ज देऊ केला, डॉक्टरनं आयुष्यभराची तपासणी. शेवटी मी मालकीहक्कानं विचारलं, “मामा, आमच्या दिंडीत येता ना?”

मामांनी पोतं पाठीवर सारखं केलं. “तुमच्या दिंडीत नको बा मालक,” ते म्हणाले. “तिथं लई चालावं लागायलंय मला.”