वारं शिरलं कुणाच्या कानात?

दुसऱ्याच्या घरातलं बोलू नये, राजाच्या घरातलं तर त्याहून नाही. पण ही गोष्ट काही पोटात राहायची नाही बाई. फ्रान्सचे राजे तिसरे हेन्री, 1575 सालचं सांगतेय, राणीसाहेबांना घोडागाडीत घेऊन पॅरिसच्या गल्ल्या धुंडाळत होते. देशात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या उरावर बसलेले, तिजोरीत खडखडाट. तुम्हाला वाटेल, निघाले असतील रयतेची विचारपूस करायला. कसली विचारपूस! लोकांच्या घरची चिमुकली कुत्री गोळा करायला निघाले होते. मनात भरलं की घातलं गाडीत. बरं, घरं झाली, आता तरी थांबावं? तर स्वारी वळली जोगिणींच्या मठांकडे. जगाचा मोह सोडून बसलेल्या त्या बायकांकडे एवढा एकच मोह उरला होता, तोही महाराजांनी उचलला. पिएर द लेत्वाल म्हणून एक सरकारी नोकरदार रोजनिशी लिहायचा. त्याने नोंदवूनच ठेवलंय की कुत्र्यांच्या मालकिणी या प्रकाराने फार कष्टी झाल्या. होणारच! राजाच पळवायला लागल्यावर फिर्याद न्यायची कुणाकडे?

ही कुत्री म्हणजे आजच्या पॅपिलॉनची पूर्वज मंडळी. मराठी वाचकाला पॅपिलॉन म्हटलं की रवींद्र गुर्जरांच्या अनुवादाच्या कृपेने छातीवर फुलपाखरू गोंदवलेला, तुरुंगातून पळणारा कैदी आठवतो. या पॅपिलॉनचं फुलपाखरू कानांत असतं. उंची जेमतेम वीतभर, फार तर 28 सेंटिमीटर, आणि कान मात्र असे की बाकीचं कुत्रं मागाहून जोडलंय की काय असं वाटावं. तिरपे उभे, पसरलेले, कडांना रेशमी केसांच्या झालरी. कपाळावरून नाकापर्यंत उतरलेला पांढरा पट्टा म्हणजे फुलपाखराचं अंग. याच जातीत कान पडलेलंही निघतं, त्याला फालेन म्हणतात. जुन्या चित्रांतली बहुतेक पडलेल्या कानांचीच. कान ताठ करायची फॅशन पुष्कळ उशिरा, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली.

हेन्रीमहाराजांचं अजून संपलेलं नाही. सुली नावाचा सरदार त्यांच्या भेटीला गेला, तर समोर काय ध्यान! कमरेला तलवार, खांद्यावर झगा, डोक्यावर इवलीशी टोपी आणि गळ्यात रुंद फितीने अडकवलेली टोपली. टोपलीत कुत्र्यांची पिल्लावळ! बोलताना महाराज ना मान हलवत, ना हात, ना पाय. टोपली डुचमळेल ना! सुली पडला दुसऱ्या गोटातला, तेव्हा थोडं तिखटमीठ धरूनच चाला. पण टोपलीच कुठून सुचेल हो कुणाला? 1589 मध्ये एका धर्मवेड्या साधूने महाराजांना भोसकलं. लिलिनी नावाची कुत्री म्हणे त्या साधूवर आधीच भुंकली होती. हे खरं की मागाहून रचलेलं, देव जाणे. घरातलं एकच माणूस शहाणं निघावं आणि तेही चार पायांचं!

आणखी एक अफवा कुत्रेप्रेमी मोठ्या प्रेमाने सांगतात, की राणी मारी आंत्वानेत गिलोटिनकडे निघाली तेव्हा तिच्या काखेत पॅपिलॉन होतं. काहीतरीच! 1793 मध्ये तिला उघड्या गाडीतून नेलं ते हात मागे बांधून. कुत्रं धरलं कशाने?

हल्ली म्हणाल तर वेड कमी झालेलं नाही, त्याला फक्त बक्षिसं लागली. 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर या कुत्र्यांच्या प्रदर्शनात कर्बी नावाचा पॅपिलॉन पहिला आला, 2019 मध्ये क्रफ्ट्स प्रदर्शनात बेल्जियमचा डिलन. हॉलिवूडच्या लॉरेन बकॉलबाईंनी तर मृत्युपत्रात आपल्या सोफी नावाच्या कुत्रीच्या देखभालीसाठी 10,000 डॉलर ठेवले. आमच्याकडे सख्ख्या भाचीच्या नावाने एक वाटी निघत नाही.

पण खरी मजा पोंपादूरबाईंची. पंधराव्या लुईची ही जगजाहीर प्रेयसी. हिच्याकडे दोन कुत्र्या, इनेस आणि मिमी. बाईंनी दोघींची चित्रं क्रिस्तोफ ह्युएकडून काढून घेतली. पुढे फेसार नावाच्या कारागिराने त्यांचे छापही तयार केले, म्हणजे चारचौघांत मिरवायची सोय झाली. आणि त्या छापांना नावं काय? इनेसचं ‘निष्ठा’, मिमीचं ‘अढळता’! दुसरीच्या नवऱ्याच्या महालात राहून! त्यावर कहर म्हणजे 1756 मध्ये याच बाईंची नेमणूक राणीच्या तैनातीत झाली. आता राणीसाहेब मारी लेश्चिन्स्का पडल्या सोशीक आणि देवभोळ्या, त्या बिचाऱ्या तोंडातून ब्र काढायच्या नाहीत. मी असते तर निदान दोन्ही कुत्र्या ठेवून घेतल्या असत्या.