शोले पुन्हा हरला

चित्रपटांचे पुरस्कार कोणाला मिळाले हे माझ्या लक्षात राहत नाही. कोणाला मिळाले नाहीत, ते मात्र सालासकट पाठ आहे. १९६१च्या फिल्मफेअरला 'मुगल-ए-आझम' सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, पण संगीताचं पारितोषिक नौशादना नाही. ते गेलं 'दिल अपना और प्रीत पराई'साठी शंकर-जयकिशनकडे. अनारकली झालेल्या मधुबालालाही नाही. ते 'घूंघट'साठी बीना रॉयला. १९७३ साली 'पाकीजा'च्या गुलाम मोहम्मदना डावलून पुन्हा शंकर-जयकिशनच, या खेपेस 'बेईमान'साठी. गुलाम मोहम्मद तर १९६८ सालीच गेलेले, म्हणजे भांडायलाही कोणी नाही. तेव्हा प्राणसाहेबांनी त्याच 'बेईमान'मधल्या कामाबद्दल त्यांना मिळालेला पुरस्कार नाकारला. हा प्रसंग सांगताना माझा गळा असा दाटून येतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, पुरस्कार मीच नाकारला.

मी परीक्षकांच्या विरोधात आहे असं मात्र नाही. १९५४ साली पहिलंच राष्ट्रपतींचं सुवर्णपदक अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला मिळालं, तेव्हाचे परीक्षक विद्वान होते. २००४ साली 'श्वास'ला सुवर्णकमळ जाहीर झालं, तेव्हाचेही विद्वान. मधली पन्नास वर्षं ही विद्वान मंडळी कुठे गेली होती, एवढाच माझा प्रश्न. 'गांधी'ने १९८३च्या ऑस्करला 'ई.टी.'ला हरवलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण त्यात वेशभूषेचं ऑस्कर घेणाऱ्या भानू अथय्या कोल्हापूरच्या. आणि २००२ साली गोवारीकरांचा 'लगान' बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'पुढे हरला, तेव्हा मी रजा टाकून पहाटेपासून टीव्हीसमोर बसलो होतो. त्या दिवशी बोस्निया या देशाबद्दल मी जे बोललो, ते घरातल्या लहान मुलांना बाहेर पाठवून बोललो.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत माझा हा व्यासंग सर्वांना ठाऊक आहे. लिफ्टमध्ये माझ्यासोबत कोणी आलं, की चौथ्या मजल्यापर्यंत १९७६ साल येतं. त्या वर्षी 'शोले'ला फिल्मफेअर मिळालं फक्त एक, संकलनाचं, एम. एस. शिंद्यांना. बाकी सगळं इतरांनी नेलं. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'दीवार'. अमजद खानचा गब्बर बाजूला राहिला आणि सहायक अभिनेता ठरला 'दीवार'चा शशी कपूर. अभिनेत्याचा पुरस्कार ठाकूरलाच मिळाला, पण 'आंधी'साठी! पुढे २००५ साली त्याच फिल्मफेअरने 'शोले'ला पन्नास वर्षांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून गौरवलं. म्हणजे पन्नास वर्षांत पहिला, पण स्वतःच्या वर्षात नाही. शाळेतून पहिला आणि वर्गातून दुसरा, असा विद्यार्थी कोणी पाहिलाय?

हे सगळं लिफ्टमध्ये ऐकून कंटाळलेले आमचे सेक्रेटरी एक दिवस म्हणाले, "साहेब, गणपतीत एक संध्याकाळ तुम्हाला देतो. लावा काय निकाल लावायचा तो. पण मग लिफ्टमध्ये बोलायचं नाही."

मी अट मान्य केली. पाककला स्पर्धेच्या निकालावरून आमच्याकडे दोन मजल्यांचं बोलणं आधीच बंद होतं, तेव्हा वातावरण तयारच होतं.

कार्यक्रमाचं नाव मी ठेवलं 'फेरनिवाडा'. आरतीनंतर मंडपात उभा राहून प्रास्ताविक म्हणून १९७३ घेतलं. प्राणसाहेबांपाशी आलो, गळा दाटला, आणि पहिल्या रांगेतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, "तू 'बेईमान' पाहिलायस का रे?"

आता, या प्रश्नाला काही अर्थ आहे का? 'पाकीजा' मी नऊ-दहा वेळा पाहिलाय. ज्याच्यावर अन्याय झाला तो पाहिला की पुरे. ज्याने अन्याय केला त्याच्यासाठी कशाला तिकीट काढायचं? मी तसं म्हणालोही.

"मग 'घूंघट' तरी?" आजींनी विचारलं. "बीना रॉय काय सुंदर दिसते त्यात. मी तीनदा गेले होते."

मंडपात टाळ्या पडल्या. त्या आजींना होत्या. तेवढ्यात मागून कोणीतरी 'नो मॅन्स लँड'बद्दलही विचारलं. आमच्या घरातली माणसं बाहेर इतकी मोकळेपणाने बोलतात, हे मला तेव्हाच कळलं.

मी तातडीने मुख्य विषयावर आलो. १९७५ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता? हात वर करून मतदान घेतलं असतं तर पाच मिनिटांत 'शोले' जिंकला असता. पण मला काम शास्त्रशुद्ध हवं होतं. ऑस्करवाले सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी पसंतीक्रमाचं मतदान घेतात, हे मी वाचलं होतं. मतदाराने एक, दोन, तीन असे क्रम लावायचे. कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मतांचा चित्रपट बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या. मी मतपत्रिकेवर चार नावं छापून घेतली. 'शोले', 'दीवार', स्त्रियांसाठी 'जय संतोषी माँ', आणि जागा रिकामी दिसत होती म्हणून 'चुपके चुपके'. वेळ वाचावा म्हणून ट्रॉफीवर 'शोले' हे नाव आदल्या दिवशीच कोरून आणलं होतं.

साठ मतपत्रिका आल्या. 'शोले' वीस. तळमजल्यावरच्या भजनी मंडळाने चपला बाहेर काढून 'जय संतोषी माँ'ला सतरा मतं दिली. १९७५ साली थिएटरातही लोक असेच चपला काढून बसायचे, तेव्हा त्यांना काय बोलणार? 'चुपके चुपके'ला बारा. बी विंगमधल्या बँकेतून निवृत्त झालेल्या गटाची 'दीवार'ला अकरा. 'दीवार' बाद झाला! १९७६चा हिशेब चुकता झाला म्हणून मी माइकवरूनच शिट्टी मारली.

मग त्यांची दुसरी पसंती उघडली. अकराच्या अकरा 'चुपके चुपके'. 'शोले' निवडून येऊ नये म्हणून या गृहस्थांनी निरुपद्रवी नावाला दुसरा क्रमांक दिला होता. चाळीस वर्षं कर्जाचे अर्ज तपासलेली माणसं, ती असं वागणारच. आता 'चुपके चुपके' तेवीस, 'शोले' वीस, आणि सतरावर संतोषी माता बाद. भजनी मंडळाचीही दुसरी पसंती 'चुपके चुपके'. "त्या 'शोले'त फार मारामारी," वहिनी म्हणाल्या, "आणि हात तोडतात."

चाळीस विरुद्ध वीस. हृषीकेश मुखर्जींच्या त्या गोड सिनेमाला मंडपात एकही वकील नव्हता, त्याच्या बाजूने कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मी 'शोले'वर पंचवीस मिनिटं बोललो होतो. फेरमोजणी मागितली, तर सेक्रेटरींनी नियमावली दाखवली. ती मीच लिहिली होती आणि फेरमोजणीचं कलम मीच उडवलं होतं, निकालानंतर 'दीवार'वाले कटकट करतील म्हणून.

मी समजावून पाहिलं, की 'चुपके चुपके'तही धर्मेंद्र, अमिताभ आणि जयाच आहेत, म्हणजे तत्त्वतः हा 'शोले'चाच विजय. आजी म्हणाल्या, "मग रडतोस कशाला?"

ट्रॉफीचं काय करायचं यावर आरतीपेक्षा जास्त वेळ चर्चा झाली. चुकीच्या नावाची ट्रॉफी द्यायची नाही असं ठरलं, आणि खर्च सोसायटीने सोसायचा नाही असंही ठरलं. हा दुसरा ठराव एकमताने झाला. त्याला पसंतीक्रम लागला नाही. पाककलेवरून न बोलणारे दोन मजलेही या ठरावाला एकत्र हात वर करून उभे होते.

लिफ्टमध्ये मी आता बोलत नाही, जिन्याने जातो. जिन्यात चार मजल्यांचा वेळ मिळतो, त्यामुळे १९६१पासून सुरुवात करता येते. अडचण एवढीच की सोबत कोणी येत नाही. पितळी पट्टीवरचं कोरलेलं नाव घासून काढून देणारा कोणी डोंबिवली-कल्याण भागात तुमच्या माहितीत असेल, तर जरूर कळवा. मजुरी मी देईन. मात्र त्या जागी 'चुपके चुपके' कोरायचं नाही, 'एम. एस. शिंदे, संकलन' एवढंच कोरायचं आहे. त्या निकालाबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही.