पंचेचाळीसपैकी किती?

दहावीचे टक्के कोणी विचारणार नाही अशी जागा महाराष्ट्रात असेल, यावर आमच्या घरात कोणाचाच विश्वास नव्हता. मग ताईने लेकीला अकरावीपासून आयबीला, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या अभ्यासक्रमाला, घालायचं ठरवलं आणि आम्ही शहराबाहेरच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या सोफ्यावर ओळीने येऊन बसलो. मला नेलं होतं ते मी बँकेत फॉरेन एक्स्चेंजला होतो म्हणून. इंग्रजीत अडलं तर मामा बोलेल, असा हिशेब. भावोजींच्या छातीशी प्लॅस्टिकचं फोल्डर होतं. त्यात लॅमिनेट केलेली गुणपत्रिका, तिच्या झेरॉक्स, शाळा सोडल्याचा दाखला आणि तिसरीतल्या चित्रकला स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक. ॲडमिशनच्या बाईंनी फोल्डरकडे गोड हसून पाहिलं आणि न उघडताच बाजूला ठेवलं. ब्याण्णव टक्के असे टेबलाच्या कडेला पडून राहिलेले भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

बाईंनी त्याऐवजी विचारलं, “तुमच्या मुलीच्या एखाद्या अपयशाबद्दल सांगा ना.”

ताई गप्प. आमच्या घराण्यात अपयश नावाची वस्तूच नाही. इंटरला नापास झालेले आमचे एक काका साठ वर्षं ‘त्या वर्षी तब्येत बरी नव्हती’ एवढ्यावर निभावून नेत आहेत. पण भाचीने शांतपणे सांगितलं की तिने सोसायटीतल्या मुलांसाठी गुपचूप लायब्ररी काढली होती आणि एकही पुस्तक परत आलं नाही. बाई खूश होऊन लिहून घ्यायला लागल्या. पुलंचा अख्खा संच कपाटातून कुठे गेला, हे भावोजींना त्याच क्षणी कळलं. पण मुलाखत चालू असल्यामुळे त्यांनाही कौतुकाने मान हलवावी लागली.

फीचा आकडा तिथे कोणी तोंडाने उच्चारत नाही. तो एका कागदावर असतो आणि कागद हलकेच तुमच्याकडे सरकवला जातो. भावोजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच होता.

आयबीचा हा सगळा प्रकार 1968 साली जिनिव्हात सुरू झाला. वकिलातींत आणि आंतरराष्ट्रीय संस्थांत नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना दर बदलीला देश बदलावा लागे, म्हणून कुठल्याही विद्यापीठात चालेल असं एकच सर्टिफिकेट काढलं. भारतात ते पहिल्यांदा कोडाईकनालच्या शाळेत आलं, 1976 मध्ये. अडचण खरी होती, मला मान्य आहे. फक्त आमच्या घराण्यातली सर्वांत लांबची बदली भुसावळला झालेली आहे.

विषय सहा घ्यायचे. त्यातले तीन एचएल, म्हणजे वरच्या पातळीचे, 240 तासांचे. बाकीचे एसएल, 150 तासांचे. प्रत्येक विषयाला जास्तीत जास्त सात गुण, एकूण बेचाळीस. शिवाय टीओके आणि ईई मिळून तीन. झाले पंचेचाळीस. हा हिशेब आईला समजावताना माझी एक संध्याकाळ गेली. शेवटी ती म्हणाली, “एवढी फी घेतात आणि शंभर मार्कसुद्धा देत नाहीत?”

टीओके म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते खरंच माहीत आहे हे कशावरून, याचा अभ्यास. त्यासाठी एका प्रश्नाला धरून तीन खऱ्याखुऱ्या वस्तू मांडून प्रदर्शन करावं लागतं. भाचीने निवडला कॅलेंडरचा एक जुना कागद, आजीने दुधाचा हिशेब लिहिलेला. भावोजींच्या गुडघ्याचा एक्स-रे. आणि घरातलं मूळ रेशनकार्ड. ज्ञानाचं स्वरूप काय हे त्यातून सिद्ध झालं असेलही. रेशनकार्ड मात्र नेमकं केवायसीच्या आठवड्यात प्रदर्शनात होतं.

ईई म्हणजे चार हजार शब्दांचा निबंध. त्यापुढचा शब्द परीक्षक वाचत नाही. ही अट मला फार आवडली. आपल्याकडच्या सत्कार समारंभांनाही ती लावावी. भाचीने अर्थशास्त्र घेतलं आणि विषय घेतला आमच्या कोपऱ्यावरच्या वडापावची किंमत आणि मागणी. प्रश्नावली घेऊन ती गाडीवर उभी राहू लागली. भाव वाढवल्यावर विक्रीवर काय परिणाम झाला, असं तिने विचारलं तेव्हा गाडीवाला तळता तळता म्हणाला, “काय होनार? गिऱ्हाईक कुरकुरतंय, पन खातंय.” उरलेले तीन हजार नऊशे नव्वदहून अधिक शब्द भाचीने आलेख, तळटीपा आणि संदर्भसूची घालून पूर्ण केले. निष्कर्ष तोच आला. या काळात संशोधनाचा कच्चा माल म्हणून जे वडापाव घरी आले, त्याबद्दल मात्र मी आयबीचा कायमचा ऋणी आहे.

कॅस हे तिसरं प्रकरण: काहीतरी सर्जनशील करा, शरीर हलवा, समाजसेवा करा. दीड वर्ष करायचं, पण त्याला गुण नाहीत. मात्र ते केलं नाही तर डिप्लोमा नाही. आमच्या ओळखीचे एक आजोबा वृद्धाश्रमात असतात. ते सांगतात की शनिवारी एवढी मुलं सेवेला येतात, की दुपारची झोप होत नाही. आणि जाताना प्रत्येकजण विचारतो, ‘आजोबा, तुम्हाला कसं वाटलं?’

घोकंपट्टी चालूच नये म्हणून जगातल्या शहाण्या माणसांनी एवढी रचना केली. आपल्या गावाने मान तुकवली आणि तिचेही क्लास काढले. एचएल गणिताचे क्लास मी समजू शकतो. इंजिनिअरिंगला जायचं तर ते गणित लागतंच. पण टीओकेचाही क्लास आहे. स्वतंत्र विचाराची बॅच, सोमवार आणि गुरुवार, सात ते साडेआठ. आधीच्या वर्षीच्या स्वतंत्र विचारांच्या नोट्स छापील मिळतात. ताईने पहिल्याच महिन्यात नाव घातलं.

परीक्षा मेमध्ये, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. परदेशी विद्यापीठं त्याआधीच शिक्षकांनी वर्तवलेल्या गुणांवर जागा देऊन मोकळी होतात. इथली कॉलेजं खरा कागद मागतात, त्यामुळे जून महिनाभर भावोजींचं पित्त खवळलेलं होतं. निकाल लागला: छत्तीस. पास व्हायला चोवीस लागतात, जगाची सरासरी तिशीच्या आसपास असते. म्हणजे पोरीने छानच मिळवले होते. ती मैत्रिणींबरोबर आइस्क्रीम खायला निघूनही गेली. भावोजींनी मोबाइलवर गणित केलं. छत्तीस भागिले पंचेचाळीस, ऐंशी टक्के. त्यांचा चेहरा उतरला. “समोरच्यांना टक्के सांगायचे नाहीत,” ताई म्हणाली, “नुसते गुण सांगायचे.”

तेवढ्यात आतून आई आली. तिला हल्ली एका कानाने कमी ऐकू येतं. मी मोठ्याने म्हणालो, “आई, छत्तीस गुण!”

“छत्तीसच्या छत्तीस?” आईने देवासमोर साखर ठेवायला वाटी उचलली. “सगळे जुळले की गं बाई! मुलगा काय करतो?”