गाइडविना वॅलेटा

माल्टाची राजधानी वॅलेटा पायी आणि आपली आपण बघावी, असं सगळेच सांगतात. गाव आहेच एवढंसं. एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला सेंट एल्मोचा किल्ला आणि मधून जाणारा सरळ रस्ता. तिन्ही बाजूंना पाणी, त्यामुळे कितीही चुकलात तरी समुद्रापाशी थांबावंच लागतं. मग गाइड कशाला? पण गाइड न घेता निघालेल्या जोडप्यात कुणीतरी एक आपोआप गाइड होतं, ही गोष्ट कुणी आधी सांगत नाही. आमच्यात ते पद ह्यांनी घेतलं. पगारी गाइडला निदान ‘जरा भरभर सांगा’ म्हणता येतं.

वेशीतच सुरुवात झाली. 1530 मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सनं सेंट जॉन संघाच्या नाइटांना हे बेट दिलं, भाडं वर्षाला एक ससाणा. “एवढ्या भाड्यात मुंबईत पिंजराही मिळणार नाही,” मी म्हटलं. गाइडनं तिकडे दुर्लक्ष केलं. 1565 मध्ये तुर्कांनी वेढा घातला, तो नाइटांनी परतवला आणि पुढच्याच वर्षी त्यांचे प्रमुख ला व्हॅलेत यांनी या शहराचा पाया घातला. पोपनं धाडलेल्या लापारेल्ली नावाच्या इंजिनिअरनं पट्टीनं आखावेत तसे रस्ते आखले. टेकडी तासून सपाट करायचाही बेत होता म्हणे. पण तुर्क पुन्हा येतील या धास्तीनं काम उरकण्याची घाई झाली आणि टेकडी तशीच राहिली.

म्हणजे नकाशावर जी सरळ रेघ दिसते ती प्रत्यक्षात एकतर उतार असते किंवा पायऱ्या असतात. तुर्क काही हे शहर घ्यायला आले नाहीत, पायऱ्या मात्र साडेचारशे वर्षं जागेवर आहेत. कवी बायरन 1809 मध्ये इथे आला होता. त्याचा एक पाय जन्मापासून अधू. 1811 मध्ये बेट सोडताना त्यानं निरोपाच्या कवितेत या पायऱ्यांना शिव्या घातल्या. इंग्रजी साहित्याशी माझं एवढं एकमत पूर्वी कधी झालं नव्हतं.

सेंट जॉनचं कॅथेड्रल बाहेरून अगदी रुक्ष आणि आत सोनंच सोनं. पण डोळे छताकडे जायच्या आधी पाय अडखळतात, कारण सगळी जमीन म्हणजे नाइटांची थडगी आहेत, जवळजवळ चारशे. रंगीत संगमरवरात जडवलेले सांगाडे, कवट्या आणि वर कुळांची दिमाखदार चिन्हं. टोकदार टाचांच्या चपलांना बंदी आहे, तीही संगमरवराच्या काळजीनं. आपल्याकडे कुणाला पाय लागला की हात आपोआप नमस्काराला जातो. इथे चारशे जणांची माफी कुठवर मागायची? अर्ध्या वाटेत मी एक सामायिक नमस्कार करून टाकला.

शेजारच्या दालनात काराव्हाज्जोचं 1608 मधलं चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. खून करून रोममधून पळालेला हा चित्रकार इथे नाइट झाला आणि त्याच वर्षी मारामारी, तुरुंग, पलायन असं सगळं उरकून संघातून हाकललाही गेला. चित्रात जमिनीवर सांडलेल्या रक्तातच त्यानं आपली सही केली आहे. त्याची सही असलेलं हे एकमेव चित्र. माणसं सगळी एका बाजूला दाटलेली आणि बाकी नुसती काळोखी भिंत. आमचे गाइड तिथे गप्प झाले. बराच वेळ गप्प होते. मला वाटतं, गाइडगिरीतला तो त्यांचा सर्वोत्तम भाग.

बाहेर आल्यावर चालूच. अप्पर बराक्का बागेत दुपारी बाराला तोफ उडते, हे त्यांनी मला दोनदा बजावलं, घड्याळही दाखवलं. आणि तोफ उडाल्यावर सगळ्यात जास्त दचकले ते स्वतःच. बागेतून खाली बंदराकडे अठ्ठावन्न मीटर उंचीची लिफ्ट जाते. पहिली 1905 मध्ये झाली, आताची 2012 ची. बिचारा बायरन जरा लवकरच येऊन गेला. पण पायी फेरीत लिफ्ट बसत नाही, असं गाइडचं म्हणणं पडलं, आणि ते नकाशा घेऊन पायऱ्यांच्या दिशेनं निघाले. मी लिफ्टनं खाली आले, सावली बघून बसले आणि शेजारची जागा पर्स ठेवून धरून ठेवली.