फनेल सर

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला फनेल सर खुर्चीत बसलेले कुणी पाहिले नाहीत. आयोडीनचा प्रयोग असला की ते टेबलांमधून फेऱ्या मारतात आणि पोरांच्या हातातल्या सेपरेटिंग फनेलवर डोळा ठेवतात. "बूच तळव्यात दाब. उलटं कर. आता तोटी उघड... माझ्याकडे नको रे, भिंतीकडे!" फुस्स करून आतली वाफ सुटली की सरांनाच हलकं वाटतं.

मग फनेल स्टँडवर. वर पिवळसर पाणी, खाली जांभळं कार्बन टेट्राक्लोराइड. आयोडीनचा ओढा खालीच: २५ अंशांना वरच्या थरापेक्षा खालच्या थरात त्याचं प्रमाण सुमारे ८५ पट. आयोडीन थोडं कमी घाला, थोडं जास्त घाला, तापमान तेच तर गुणोत्तरही तेच. नर्न्स्टने हा नियम १८९१ मध्ये मांडला. सर तो असा सांगतात, जणू नर्न्स्टने आधी यांना विचारून घेतलं होतं. बेन्झॉइक आम्ल निघालं की सरांना विशेष रंग चढतो. "पाण्यात एकटा, बेंझीनमध्ये जोडीनं! म्हणून बेंझीनच्या बाजूला वर्गमूळ." मागचा बाक खिदळतो, पण ते वर्गमूळ परीक्षेत कुणी विसरत नाही. घाईघाईत घुसळून कुणी इमल्शन करून ठेवलं, तर सर चिमूटभर मीठ टाकायला लावतात आणि स्वतः चहाला जातात.

सरांची खरी श्रद्धा मात्र हप्त्यांवर. १०० मिलि पाण्यातलं आयोडीन २० मिलि टेट्राक्लोराइडने एकदम काढलं, तर साडेपाच टक्के मागे राहतं. तेच १०-१० मिलि करून दोनदा काढलं, तर जेमतेम एक टक्का. फळ्यावर हे सिद्ध करून सर हात झटकतात आणि पावतीपुस्तक घेऊन थेट स्टाफरूममध्ये शिरतात. गणपतीची वर्गणी ते एकरकमी मागतच नाहीत. सोमवारी शंभर, मखराचे. बुधवारी शंभर, मोदकांचे. मग ढोलाचे, मग "राहिलेले". पाचशेला ठाम नाही म्हणणारे प्राचार्य अनंत चतुर्दशीपर्यंत सातशे मोजून बसले होते.

"सर, असं करत करत शेवटी सगळं निघतं?" एका मुलीने विचारलं.

"छे गं. कितीदाही काढ, थोडं मागे उरतंच," म्हणत सरांनी प्राचार्यांच्या केबिनकडे पाहिलं.

तेव्हा सर तुमच्या दारी आले, तर पहिल्या खेपेला शंभर देऊन सुटलो असं समजू नका.