अपुऱ्या कागदपत्रांचा कांदा

चैत्र-वैशाखात माहूरच्या डोंगरउतारावर गवत वाळून मुरूम उघडा पडतो, तेव्हा कुठंकुठं एक बिनपानांचा दांडा जमिनीतून सरळ वर आलेला दिसतो. त्याला तपकिरी-हिरवट लोंबती फुलं. मुळाशी उकरावं तर हाताला चक्क कांदा लागतो. तसाच गोल, तसाच पदरापदरांचा. मराठवाड्याचा माणूस अशा वेळी भाकरी कुठं मिळेल, एवढंच बघणार.

तिथंच थांबावं. हा रानकांदा, कुणी कोळकांदाही म्हणतात. दिसायला कांद्याचा सख्खा भाऊ, पण शास्त्राप्रमाणं कूळ शतावरीचं. रसानं हात खाजतात आणि पोटात गेला तर थेट हृदयाला त्रास देतो. त्याच्या भूमध्य समुद्राकाठच्या भावकीतून तर उंदीर मारायचं औषध करत. चुरगळलेल्या पातीला कांद्याचा उग्र दर्प नसेल, तर तो कांदा नव्हे, एवढं नाकानं सांगितलं तरी पुष्कळ झालं.

पण ‘नव्हे’ म्हटल्यावर ‘मग कोण?’ हे उरतंच. पावसाळ्यात लांब पाती फुटते तेव्हा फूल नसतं. उन्हाळ्यात फूल येतं तेव्हा पाती गायब. तहसिलात आधार कार्ड न्यावं आणि नेमकं रेशन कार्ड घरी राहावं, तशातली गत. प्रा. व्ही. एन. नाईक यांचा १९९८चा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ काखेत असला, तरी पुढच्या ऋतूत त्याच उताराला पुन्हा जाणं आलं.

अस्सल रानटी कांदे हवेत, तर हिमालय गाठावा. उत्तराखंडच्या नीती खोऱ्यातला एक कांदा तिथल्या बाया पूर्वापार फोडणीला वापरत आल्या. शास्त्रज्ञांनी २०२१ साली डॉ. कुलदीपसिंग नेगी यांच्या स्मरणार्थ त्याला ‘ॲलियम नेगियानम’ नाव दिलं. चुलीपाशी ओळख कधीच पटली होती, बारसं तेवढं राहिलं होतं.

आमच्याकडं ओळखपरेड आणखी सोपी. लातूरकडं, बालाघाटच्या माळावर, पावसाळ्यात एका गुराख्याला पाती दाखवून विचारलं, “मामा, हे खायचं असतंय का?”

त्यानं पातीकडं बघितलं, मग माझ्याकडं. “खावा की. पर आधी शेळीला इचारा.”

शेळीनं हुंगलं आणि मान फिरवली. बाभळीच्या काट्यांतून पाला ओरबाडणारी ही बाई नको म्हणते, म्हटल्यावर फुलासाठी वैशाखापर्यंत कोण थांबतो?