कुठल्या सालापर्यंत मागे?

येझदीची किक आणि तिचा गिअर हा एकच दांडा असतो. सुरू करताना तो आत दाबून उभा करायचा आणि मारायचा. इंजिन बोलू लागलं की तोच मुकाट्यानं खाली उतरून गिअर म्हणून पायाशी हजर. गावातल्या एकाच गृहस्थानं सकाळी सत्यनारायण सांगावा आणि दुपारी खाकी चढवून टपाल वाटावं, तसा. बरं, ही काटकसर स्वभावातली म्हणावी, तर सिलिंडर एक आणि सायलेन्सर मात्र दोन! जिथं एकावर भागलं असतं तिथं जोडी, आणि जिथं दोन हवेत तिथं एकट्यानं निभावणं. असल्या विसंगत जिवावर माणूस एकदा भाळला की सुटका नाही.

कुळकथाही तशीच लांबची. घराणं चेक, जावाचं. यानेचेक नावाच्या कारखानदारानं १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचा आराखडा घेतला आणि दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून नवं नाव केलं. १९६१ पासून ती म्हैसूरला बनू लागली, १९७३ नंतर येझदी झाली. हे नाव इराणातल्या यझ्द शहरावरून आलं, कारण कारखाना इराणी कुटुंबाचा. म्हणजे वंश चेक, नाव इराणी, जन्म म्हैसूरचा आणि सासर कोल्हापूर. आमच्या अण्णांनी ती १९७४ साली आणली, आणि ते गेल्यावर ती मागच्या पडवीत गोणपाट पांघरून बसून राहिली. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला ही बातमी तिला कुणी सांगितलीच नसावी. तिच्या चेहऱ्यावर अजून, मालक जेवून येतील आणि आपल्याला निघायचंय, असाच भाव होता.

मी तिला पुन्हा उभी करायला घेतली तेव्हा वाटलं होतं, काम हातांचं आहे. ते निघालं स्मरणाचं. पेट्रोलच्या टाकीवर ओला पॉलिश पेपर फिरवू लागलो, तर आधी राखाडी रंग निघाला. त्याखाली आकाशी, ब्रशानं मारलेला, केसांच्या रेघांसकट; आणि त्या आकाशीवर पेंटरच्या वळणदार हातानं लिहिलेलं ‘श्री अंबाबाई प्रसन्न’. त्याच्याही खाली, फार खोल, कारखान्याचा मरून. माझा हात थांबला. मरूनपर्यंत जायचं तर अंबाबाई पुसावी लागणार होती.

या विषयातली जाणती मंडळी मरूनच्या बाजूची असतात. त्यांना गाडी जशी फाटकातून बाहेर पडली तशी हवी: तोच रंग, तीच क्रोमची झळाळी, स्क्रूसुद्धा तेच. सरकारचा कलही तिकडेच. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, पण ती मूळ रूपात राखलेली असली पाहिजे. मी उद्यमनगरात सिलिंडर रिबोर करायला गेलो, तेव्हा लेथवरच्या मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, हात पुसले आणि विचारलं, “मालक, गाडी ओरिजिनल पायजे का चालायला पायजे?” एवढ्या थोडक्यात हा प्रश्न दुसऱ्या कुणी मांडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मूळ रूप म्हणजे तरी कोणतं? शोरूममधून आली त्या दिवशीचं असेल, तर त्या दिवसाशी आमचा काही संबंध नव्हता. आमचा संबंध नंतरचा: मागच्या चाकाशी बसवलेल्या साडीगार्डचा, त्याखालच्या आडव्या पायपट्टीचा, पन्हाळ्याच्या चढावर मागे सुटणाऱ्या निळसर धुराचा. हिच्यासारख्या टू-स्ट्रोकला ऑइल वेगळं पाजत नाहीत, ते पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला चाळीस-पन्नास मिली. ते पेट्रोलबरोबर जळतं आणि वासाच्या रूपानं मागे राहतं. पुढे टाकीवर मी, मध्ये अण्णा, मागे एका बाजूला पाय घेऊन बसलेली आई, आणि आम्हां तिघांच्या मागे तो वास, चौथ्या माणसासारखा. शाळेत माझ्या स्वेटरला तो यायचा. आईला अजूनही कुणाच्या जुन्या स्कूटरचा धूर आला की ती पदर नाकाशी नेते, पण दाबून धरत नाही.

साडीगार्ड मी सुटं करून ठेवलं होतं. मूळ गाडीत ते नव्हतंच. एका संध्याकाळी आई काठी टेकत पडवीत आली, गाडीभोवती अर्धी प्रदक्षिणा घालून म्हणाली, “चकचकीत केलीस खरं, मी पाय कुठं ठेवू?” तिचं वय आणि गुडघे पाहता हा प्रश्न शास्त्रापुरताच होता. पण कायदा तिच्या बाजूनं आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम म्हणतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं मागचं चाक झाकलेलं हवं, धरायला मूठ हवी आणि पाय ठेवायला जागा हवी. सगळ्या रुक्ष नियमांत या एका नियमाला पदराची सळसळ ऐकू आली असावी.

टायमिंग लावायला मिस्त्री घरीच आले. पॉइंटच्या फटीत त्यांनी पतंगाच्या कागदाचा तुकडा धरला. तो अलगद सुटेल तो क्षण ठिणगीचा. मग किक मारली, मुद्दाम अर्धवट. इंजिन एकदा उचकी देऊन सुरू झालं. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी सावकाश मागे निघाली, तुळशीच्या दिशेनं. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात, पिस्टनच वर-खाली होताना वाटा उघडतो आणि मिटतो, त्यामुळे त्याला सुलटं-उलटं सारखंच. किक दुबळी पडली, ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचायच्या आधी पडली, की ते उलटं फिरू लागतं आणि तितक्याच आनंदात चालत राहतं. मागे जाण्याची विद्या तिला जन्मजात होती. फक्त कुठं थांबायचं, हे तिला कळत नाही.

ते मी ठरवलं. टाकी आकाशी राहील, अंबाबाई राहील, राखाडी तेवढा जाईल. ‘व्हीए’ नंबर मिळाला नाही तरी चालेल. २०२२ साली येझदी नव्यानं बाजारात आली, चांगली आहे म्हणतात, पण ती चार-स्ट्रोक. तिच्या मागे चौथा माणूस बसत नाही. आमच्या साडीगार्डची खालची पट्टी मात्र गंजून पार गेली आहे. तेव्हा तुमच्या माळ्यावर किंवा परसात जुन्या येझदीचं साडीगार्ड पडलं असेल, तर कृपा करून भंगारवाल्याला देऊ नका. रंग कसलाही चालेल.